अकरा चाळीसला बाजार थांबला

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१, सकाळी ९.१५. उरले २ तास २५ मिनिटं.

राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, रोजच्यासारखा उघडला. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या वायद्यांची मुदत संपणार होती, त्यामुळे उलाढालीला जोर होता. बाजाराचं मुख्य डेटा सेंटर वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. एक प्रत शेजारी कुर्ल्यात, दुसरी दूर चेन्नईत. ही हौस नव्हे, बाजार नियामक सेबीचा दंडक आहे. जवळची प्रत एकही नोंद हरवू नये म्हणून. लांबची, मुंबई पाण्याखाली गेली तरी बाजार उभा राहावा म्हणून.

जवळच्या प्रतीचं काम सिंक्रोनस. बीकेसीत नोंद लिहिली की ती कुर्ल्यातही उमटते, तिकडून पोच येते, मगच सर्व्हरला ‘झालं’ म्हणून कळतं. लांबच्या प्रतीसाठी असं ताटकळणं परवडत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरची ये-जा म्हणजे १० मिलिसेकंद, आणि ते प्रत्येक नोंदीमागे. म्हणून इतक्या अंतरावर असिंक्रोनस पद्धत वापरतात: काम पुढे जातं, प्रत मागून येते. किती मागे, हे सगळेच विचारतात. मागे राहिलेले सगळे व्हॉल्यूम, म्हणजे स्टोरेजचे कप्पे, एकाच क्षणावर उभे आहेत का, हे विचारणारे थोडे.

दहा वाजून काही मिनिटं. उरला दीड तास.

निफ्टी आणि बँक निफ्टी या निर्देशांकांचे आकडे हलेनासे झाले. शेअरचे सौदे चालू, भाव बदलताहेत, निर्देशांक तेवढा गोठलेला. नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याला बसून मोबाइलवर निफ्टी बघणाऱ्याला वाटलं असेल, रेंज गेली. गेली होती ती बीकेसी-कुर्ला लाइन. एकीने दगा दिला तर दुसरी असावी म्हणून दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइनी घेतलेल्या. त्या सकाळी दोन्हीकडच्या डळमळल्या. एनएसईच्या पुढच्या खुलाशात कारण आलं: दोन्ही ठिकाणांमधल्या रस्त्यालगतचं खोदकाम आणि बांधकाम. मुंबईकराला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

लाइन एका फटक्यात तुटली तर निभावतं. ती थोडी थोडी मरते तेव्हा घोळ होतो. समजा, एका डेटाबेसची माहिती एका व्हॉल्यूमवर आहे आणि त्याचा लॉग दुसऱ्यावर. डेटाबेसचा नियम पक्का: आधी लॉगमध्ये नोंद, मग माहितीत बदल. आता लॉगची प्रत १०:०७:५१ला अडकली आणि माहितीची १०:०७:५८पर्यंत जात राहिली. लांबच्या केंद्रात सात सेकंदांचे बदल पोचले, पण ते कोणत्या व्यवहाराचे, पुरे झालेले की अर्धवट, हे सांगणारी नोंद पोचलीच नाही. एका खात्यातून पैसे वजा झालेले दिसतात, दुसऱ्यात जमा नाहीत, आणि उलटवायचं म्हटलं तर आधार नाही. डेटाबेस अशी प्रत उघडायला नकार देतो. नकार दिला तर नशीब म्हणायचं. उघडली तर खोटे हिशेब खरे म्हणून चालू लागतात. गंमत अशी की दोन्ही व्हॉल्यूम सुटे तपासले तर बिनचूक निघतात.

यावर तोड म्हणजे कन्सिस्टन्सी ग्रुप. एका कामाचे सगळे व्हॉल्यूम एका गटात बांधायचे, नोंदींवर क्रमांक किंवा वेळेचा शिक्का मारायचा आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी पाठवायच्या. चिंचपाडा स्टेशनातून मालगाडी जाते तेव्हा शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ पाटी दिसल्याशिवाय गाडी पूर्ण गेली असं धरत नाहीत. तसंच, तुकडीतली शेवटची नोंद पोचेपर्यंत तिकडच्या प्रतीला हात लावायचा नाही. अर्धी आली तर टाकून द्यायची आणि मागच्या पूर्ण तुकडीवर थांबायचं. एका व्हॉल्यूमची वाट बंद झाली की गटातल्या सगळ्यांची प्रत थांबवायची, बाकीच्यांची वाट मोकळी असली तरी. चालू लाइन हाताने बंद करणं जिवावर येतं, पण ती सात सेकंदं यानेच टळतात.

सकाळी ११. उरली ४० मिनिटं.

सौदे जुळवणारी यंत्रणा ठीक होती. अडली होती एनएसई क्लिअरिंगची ऑनलाइन जोखीम-नियंत्रण यंत्रणा. कोणत्या दलालाने किती मार्जिनवर किती धोका पत्करलाय, यावर तिचा डोळा असतो. तो मिटल्यावर बाजार चालवणं म्हणजे कठडा नसलेल्या पुलावर गर्दी सोडणं.

सिंक्रोनस प्रतीची लाइन गेली की स्टोरेजपुढे दोनच वाटा: कुर्ल्याला सोडून एकट्याने लिहीत राहायचं, नाहीतर दोन्ही प्रती सारख्या राहाव्यात म्हणून लिहिणंच थांबवायचं. एनएसईला पहिली हवी होती. पण बीकेसीतलं स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं. व्हेंडरने बसवलेलं, ही वाट ठरवणारं फेलओव्हर लॉजिक आम्ही मागितल्याबरहुकूम नव्हतं, असं एनएसईने नंतर सांगितलं. प्रत जपायला बांधलेल्या लाइनीने मूळच खाली ओढलं.

११.४०.

सगळे विभाग बंद.

दुपार.

चेन्नईला का गेले नाहीत, हा प्रश्न सेबीनेही विचारला. एनएसईने बीकेसीतच दुरुस्तीचा मार्ग धरला. त्या वेळची अडचण मला दिसते ती अशी: सौदे ११.४०पर्यंत जुळत होते, बाकीच्या यंत्रणा आधीच अडकल्या होत्या. दोन्ही बाजूंची घड्याळं वेगळ्या वेळेला थांबलेली. मुळातच जे एका क्षणावर नाही, त्याची प्रत कोणत्या क्षणावर आणायची? तरी तासन् तास बाजार बंद ठेवायला हे उत्तर पुरत नाही. गट कुठवर बांधायचा, सौदे आणि जोखीम एकाच रेघेत आणायचे का, हे आधीच्या शांत दिवसांत ठरवायचं असतं.

नेहमीप्रमाणे साडेतीनला बाजार मिटणार या हिशेबाने अनेक दलालांनी ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारावर, मिळेल त्या भावात मिटवून टाकले. मग जाहीर झालं: ३.४५ला व्यवहार सुरू, पाचपर्यंत चालणार. त्या दिवशी सेन्सेक्स १,०३० अंकांनी वर जाऊन ५०,७८१वर बंद झाला. ज्यांचे सौदे आधीच मिटवले गेले होते, त्यांचा संताप समजण्यासारखा होता.

त्यानंतर.

२२ मार्च २०२१ला सेबीने नियम आवळले: बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावर जायचं, आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त काळाची माहिती गमवायची नाही. शनिवारी, २ मार्च २०२४ला एनएसईने खास सत्र भरवलं. सकाळचा पाऊण तास मुख्य केंद्रावरून, मग साडेअकरापासून तासभर पर्यायी केंद्रावरून. दोन्हींच्या मधे बाजार दीड तास बंद होता. प्रती जुळवून घ्यायला तेवढी उसंत त्या बुधवारी मिळाली नसती.