बाबा की मामा?

डहाणू रोडच्या माझ्या वर्गात एक बहिरा मुलगा होता. ओठ वाचण्यात मोठा तरबेज! त्याचे वडील होडी घेऊन समुद्रात गेलेले, वारा सुटलेला. मी त्याला म्हटले, ‘‘मामा आलेत, घरी जा.’’ पोर थेट किनाऱ्याकडे धावले. त्याने ‘बाबा’ वाचले होते!

वाचकहो, आरशासमोर ‘पाप, बाप, माप’ म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. घसा घुमला की नाक, हे डोळ्यांना कसे कळावे? क, ग तर ओठांवर उमटतच नाहीत. उरतो तो तर्क.

तरीही १८८० साली मिलानला भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या परिषदेने खुणांची भाषा बाजूस सारून बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावरच भर दिला. ठराव करणारे जवळजवळ सारे ऐकणारे! ते वारे आपल्या शाळांतही शिरले. त्याबद्दल व्हँकुव्हरच्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, १३० वर्षांनी.

माझ्या विद्यार्थ्याचे बाबा दोन दिवसांनी सुखरूप परतले. त्याआधीच, त्या ओल्या वाळूवर, ‘मामा’ची खूण मी त्याच्याकडून शिकलो होतो.