सिलोनचे मळेकामगार : माणसांच्या एका वाटणीची हकीकत

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘कामगार आणि राष्ट्रीयत्व’ असा विषय सुचविला होता. विषय थोर खरा. पण त्यावर बोलावयाचे तर थोर ग्रंथकारांची नावे घ्यावी लागतात, आणि आमची शाळा तर सातवीतच सुटलेली. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्रपाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या कपाटाच्या आधाराने. म्हणून विषय आम्ही आमच्या मापाने बेतून घेतला आहे. शेजारच्या एका देशातल्या, आपल्यातूनच गेलेल्या कामगारांची हकीकत तेवढी सांगावयाची आहे. ती सांगण्यास आमच्यासारखा मनुष्य चालेल असे वाटते.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात एक करार झाला. सिलोन म्हणजे १९७२ पासूनची श्रीलंका. तेथल्या मळ्यांतली ९ लाख ७५ हजार माणसे त्या दिवशी कोणत्याच देशाची नागरिक नव्हती, असे उभय सरकारांनी धरले. त्यांपैकी ५ लाख २५ हजार भारताने न्यावीत, ३ लाख सिलोनने ठेवावीत आणि उरलेल्या दीड लाखाचे मागाहून पाहावे, असे ठरले. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो यांनी त्या दीड लाखाचेही निम्मेनिम्मे केले. भावाभावांत गुरांची वाटणी होते तेव्हासुद्धा कोणती गाय कोणाच्या दावणीला रुळली आहे हे पाहतात. मळेकामगारांच्या संघटना सिलोनात चांगल्या जोमदार होत्या; पण वाटणीपूर्वी त्यांना कोणी विचारले नाही.

ही माणसे तेथे गेली कशी, हे आधी पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात इंग्रजांनी कँडीच्या डोंगरांवर कॉफी लावली. ती जमीन कोणाची, हा पेच १८४० च्या एका वटहुकुमाने सोडविला. ज्या जमिनीवर हक्क शाबीत होत नाही ती सरकारची, असे त्याचे सार. कँडीचा सिंहली शेतकरी पिढ्यान्पिढ्या ज्या रानात गुरे चारी, फिरती शेती करी, त्या रानाचा कागद त्याच्यापाशी कोठून असणार? रान गेले आणि मळेवाल्यांच्या घशात पडले. हा शेतकरी पुढे मळेकामगाराचा द्वेष करू लागला, तेव्हा त्याच्या मनात मूळ दुखणे हे होते, आणि ते खोटे नव्हते. राग मात्र काढला गेला तो ज्याने जमीन घेतली त्याच्यावर नव्हे, तर त्या जमिनीवर जो राबत होता त्याच्यावर.

मजूर आणले ते तमिळ मुलखातून. त्रिचनापल्ली, सेलम, मदुरा, तंजावर या भागांतले, बहुतेक दलित आणि भूमिहीन. आणणारा तो कंगाणी. कंगाणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांसमोर आणावा. मळेवाल्याकडून पैसा घ्यावयाचा, गावात जाऊन उचल द्यावयाची, टोळी बांधून न्यावयाची आणि मग मजुराच्या प्रत्येक दिवसावर आपला वाटा काढावयाचा, हा धंदा नवा नव्हे आणि संपलेलाही नव्हे. तेथे ‘तुंडु’ म्हणून एक चिठ्ठी असे. मजुराच्या अंगावर अमुक कर्ज आहे, ते फेडील त्याने त्यास न्यावे, असा तिचा मजकूर. चिठ्ठीवाचून दुसऱ्या मळ्यावर कोणी उभे करीत नसे. चिठ्ठी हातोहात जाई आणि तिच्याबरोबर माणूस जाई. १९२१ मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली.

कॉफीच्या दिवसांत हे लोक मन्नारच्या किनाऱ्यावर उतरत आणि रानावनातून मातळेपर्यंत पायी जात. वाटेत पटकी आणि हिवताप. परंतु त्या काळचा मजूर हंगामाचा होता. कॉफीची तोड संपली की पुष्कळसे गावी परतत. मग १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि वीसएक वर्षांत तो धंदा बुडाला. त्याच सुमारास जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकंदुरा येथे चहाची लागवड करून दाखविली होती. येथे आमच्या मते साऱ्या कथेची मेख आहे. चहाला हंगाम नाही. झुडपाला दर आठवड्या-पंधरवड्यास नवी पालवी फुटते आणि ती खुडावीच लागते. सबंध वर्ष माणूस हवा. आणि खुडण्यास बाई हवी, म्हणजे कुटुंब हवे. तेव्हा मळेवाल्यांनी कुटुंबे आणली आणि खोल्यांच्या लांबलचक रांगा उभ्या केल्या. रबराच्या मळ्यांवरही अशीच वस्ती झाली. पोरे तेथेच जन्मली, म्हातारी तेथेच पुरली गेली. हे लोक येऊन-जाऊन असणारे आहेत, असे पुढे विधिमंडळात सांगण्यात आले. परंतु ज्या पिकावर देश जगत होता, त्या पिकानेच त्यांना तेथले रहिवासी केले होते.

रहिवासी झालेला मनुष्य एक दिवस मत मागणार हे ओघानेच आले. १९३१ मध्ये डोनोमोर राज्यघटनेने सिलोनात सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार दिला. मात्र मळेकामगारासाठी रहिवासाच्या पुराव्याची वेगळी चाळणी लावली. मळ्यावर संघटना बांधणे तर चोरट्या मालाइतके अवघड. परका मनुष्य आत आला की अतिक्रमणाचा खटला. तंजावरहून गेलेले पत्रकार को. नटेश अय्यर हे कापड विकणाऱ्याच्या वेषात मळ्यांवर हिंडले, असे सांगतात. त्यांच्या पत्नी मीनाक्षी अम्माळ सभेपूर्वी गाणी म्हणत आणि गाण्यांना माणसे जमत. ज्याने कधी गेटसभा घेतली आहे त्याला या युक्तीचे मोल कळेल. कोलंबोचे सिंहली कामगारपुढारी ए. ई. गुणसिंह हे प्रारंभी अय्यर यांचे सहकारी होते. पुढे दोघांचे फाटले, आणि मंदीच्या वर्षांत याच गुणसिंहांनी कोलंबोतल्या मल्याळी कामगारांविरुद्ध चळवळ उभी केली. काम कमी पडू लागले की मालकाऐवजी शेजारच्या मागावरचा मनुष्य डोळ्यांत सलू लागतो. मुंबईने १९६६ नंतर काय पाहिले ते श्रोत्यांस ठाऊक आहे. त्यात येथे शिरत नाही.

जुलै १९३९ मध्ये पंडित नेहरू सिलोनला गेले. तेथल्या सरकारने भारतीय रोजंदारांना कामावरून काढण्यास आरंभ केला होता, त्याची बोलणी करावयास. बोलणी फसली, परंतु त्या भेटीत ‘सिलोन इंडियन काँग्रेस’ स्थापन झाली आणि तिचीच कामगार संघटना पुढे मळ्यांवर पसरली. जानेवारी १९४० मध्ये मूल ओया मळ्यावरच्या संपात पोलिसांच्या गोळीने गोविंदन हा कामगार ठार झाला. तो संप सम समाज पक्षाच्या लोकांनी चालविला होता. या पक्षाचे एन. एम. परेरा आणि फिलिप गुणवर्धने १९४२ मध्ये कँडीच्या तुरुंगातून निसटून भारतात आले, येथल्या चळवळीत वावरले आणि १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले. हे नाव लक्षात ठेवावे. परेरांकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

१९४७ च्या निवडणुकीत ९५ जागांपैकी ७ जागा इंडियन काँग्रेसने जिंकल्या. शिवाय आणखी कित्येक डोंगरी मतदारसंघांत मळेकामगारांची मते डाव्या पक्षांच्या पारड्यात पडली. त्या वेळी देशातल्या दर आठ-नऊ माणसांत एक मनुष्य मळ्यावरचा भारतीय तमिळ होता. पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांनी हा हिशेब बरोबर वाचला. स्वातंत्र्य ४ फेब्रुवारी १९४८ ला आले आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. आपला जन्म सिलोनात झाला हे पुरेसे नाही. बापाचाही जन्म तेथलाच, नाही तर आजा आणि पणजा दोघांचाही, हे दाखविले पाहिजे. खोल्यांच्या रांगेत जन्मलेल्या बापाचा दाखला कोण आणून देणार? १९४९ मध्ये भारतीय-पाकिस्तानी रहिवाशांसाठी अर्जाचा दुसरा कायदा झाला आणि त्याच वर्षी मतदार यादी नागरिकांपुरती करण्यात आली. १९५२ च्या निवडणुकीत इंडियन काँग्रेसचा एकही प्रतिनिधी निवडून आला नाही. येणार कसा? मतदारच पुसले गेले होते. जाफन्याचे तमिळ तरी पाठीशी होते काय? त्यांचे पुढारी पोन्नंबलम १९४८ मध्ये सेनानायके यांच्या मंत्रिमंडळात गेले. चेल्वनायकम यांना हे पटले नाही. त्यांनी फारकत घेऊन १९४९ मध्ये निराळा पक्ष काढला. मळ्यावरच्या तमिळास जाफन्याकडचे लोक ‘तोट्टक्काट्टान’, म्हणजे मळ्याचा अडाणी, म्हणत. भाषा एक असली म्हणजे माणसे एक होतात असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आमच्या लोकांची चूकही सांगितली पाहिजे. १९४९ च्या अर्जांवर इंडियन काँग्रेसने सुरुवातीस बहिष्कार पुकारला. तत्त्व शंभर नंबरी होते : जे आमचेच आहे ते मागावयाचे कशाला? पण मुदत दोन वर्षांची. ती सरत आली तेव्हा निर्णय फिरविला आणि मग घाईघाईने अर्ज भरले गेले. सुमारे सव्वाआठ लाख माणसांसाठी अर्ज आले. त्यांतली सुमारे १ लाख ३४ हजार मंजूर झाली. लग्न झालेल्यास सात वर्षांचा, न झालेल्यास दहा वर्षांचा अखंड रहिवास सिद्ध करावयाचा होता. मध्यंतरी बहिणीच्या लग्नाला गावी जाऊन फार दिवस राहिला, की रहिवास खंडित. हजेरीपटावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, की मनुष्यच संशयित.

या कागदाच्या छळाची थोडीशी चव आम्हीही घेतली आहे. आमच्या गावी एका सायझिंगमध्ये बावीस वर्षे काढलेल्या गृहस्थाचा फंड मिळविण्यासाठी आम्ही चार वर्षे खेटे घातले, कारण मालकाच्या हजेरीपटावर त्याची तीन निराळी नावे लागली होती. तिन्ही नावांनी काम मात्र एकाच मनुष्याकडून घेतलेले. तो तेलंगणातून आलेल्या विणकराचा नातू. कारकून त्याला विचारी, ‘तुझे गाव कोणते?’ तो आमच्याच गावाचे नाव सांगे, आणि कारकून म्हणे, ‘ते नव्हे रे, मूळ गाव.’ येथे गेला तो फंडाचा पैसा. सिलोनात देशच गेला.

आता परेरांकडे. १९४८ मध्ये सम समाज पक्षाने नागरिकत्वाच्या बिलास निकराचा विरोध केला होता. तोच पक्ष जून १९६४ मध्ये सिरिमावोंच्या मंत्रिमंडळात गेला. परेरा अर्थमंत्री झाले. साडेचार महिन्यांनी शास्त्रींबरोबरचा करार झाला. ज्या पक्षाच्या संपात गोविंदन पडला त्याच पक्षाचे मंत्री सरकारात असताना मळेकामगारांची वाटणी झाली. आम्ही त्यांना बेइमान म्हणणार नाही. आयुष्यभर विरोधात बसलेल्या माणसाला एकदा सत्तेचा दरवाजा किलकिला दिसतो, आणि आत गेल्यावर काही तरी करता येईल असे त्याला मनापासून वाटते. पण आत जाताना दारात काय ठेवून जावे लागले, हे विचारण्याचा हक्क बाहेर राहिलेल्यांना असतो.

कराराच्या अंमलबजावणीत प्रमाण ठरले ते सातास चार. सात माणसे भारतात गेली की सिलोनने चौघांना नागरिक करावयाचे. एकाचे नागरिकत्व दुसऱ्याच्या बोटीवर अवलंबून! आणि खुद्द माणसांनी काय मागितले? अर्ज आले तेव्हा भारताचे नागरिकत्व मागणारे चार लाखांच्या आसपास निघाले, सिलोनचे मागणारे सहा लाखांहून अधिक. कराराने ठरविलेले आकडे नेमके याच्या उलट होते.

तरी लाखो लोक आले. तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरम, तेथून मंडपमची छावणी. काहींसाठी १९६८ पासून तमिळनाडू सरकारने नीलगिरीत चहाचे मळे लावले आणि तेच काम पुन्हा हातात आले. सिंहली लोक ज्यांना ‘इंडियावाले’ म्हणत, जाफन्याचे लोक ‘मळ्यावरचे’ म्हणत, त्यांना नीलगिरीचे लोक आता ‘सिलोनवाले’ म्हणू लागले. हे मळे पुढे तोट्यात गेले आणि २०२२ मध्ये त्यांची पुष्कळशी जमीन वनखात्यास परत देण्याचे ठरले. तेव्हा मळ्याच्या घरांत राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिकडे १९७७ आणि १९८३ च्या दंगलींत मळेकामगारांचीही घरे जळाली. १९८४ मध्ये युद्धामुळे बोट बंद पडली, आणि हातात भारताचा पासपोर्ट घेतलेली हजारो माणसे तेथेच अडकली. शेवटी ऑक्टोबर २००३ मध्ये श्रीलंकेच्या संसदेने कायदा केला : ३० ऑक्टोबर १९६४ पासून जो देशात राहत आहे तो, आणि त्याची संतती, नागरिक होऊ शकेल. वाटणीचाच तो दिवस. पाचपंचावन्न वर्षांच्या खटाटोपानंतर प्रश्न बव्हंशी कायद्यातून सुटला. रोजाच्या मजुरीसाठी मात्र तिकडचे लोक पुढेही झगडत राहिले, आणि हजार रुपये रोज २०२१ मध्ये पदरात पडला.

२००८ साली एका कामगार शिबिराच्या निमित्ताने आम्ही कोटगिरीस गेलो होतो. तेथे अशाच एका मळ्यावर साठीच्या आसपासच्या एक बाई भेटल्या. १९७९ मध्ये आल्या होत्या, जन्म हॅटनजवळचा. लोखंडी पेटी अजून खोलीत होती, तीवर बोटीच्या वेळी रंगवलेला क्रमांक. धाकट्या बहिणीचाही भारताचा पासपोर्ट झाला होता, पण नंबर लागण्याआधी बोट बंद झाली. पाच वर्षांपूर्वीच्या कायद्याची गोष्ट या बाईंच्या कानी नव्हती. आम्ही दुभाष्याकरवी सांगितली. त्यांनी विचारले, ‘म्हणजे बहीण आता तिथली झाली?’

आम्ही होय म्हटले.

‘आणि मी तिला भेटायला जायचे तर व्हिसा लागेल?’

तेही होय म्हणावे लागले. मग वजनाची घंटा झाली आणि त्या टोपली घेऊन काट्याकडे गेल्या.