तंबोऱ्याची जवारी आणि चोखंदळ गिऱ्हाईक

“तंबोरा सुरात आहे हो, पण बोलत नाही!” जवारी काढणाऱ्या कारागिरापुढे गवई अशी तक्रार घेऊन येतात. मी ती पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मला ती निव्वळ लहर वाटली होती. खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, चारही तारा जुळल्या. मग राहिले काय?

राहते ती जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, त्याला हलकासा उतार असतो. छेडलेली तार त्या उताराला स्पर्श करीत थरथरते आणि तिच्यातून वरचे सूर झंकारू लागतात. तारेखालचा सुती दोरा नेमक्या जागी आला, की हा झंकार खुलतो. वाजवून वाजवून घोडीवर खाचा पडतात आणि आवाज कोरडा होतो. पियानोतही तारांवर आपटून हातोड्यांची फेल्ट घट्ट होते, नाद कर्कश होतो. मग कारागीर ती सुयांनी टोचून मऊ करतो. तिथे सुई, इथे कानस. हात जरा जास्त चालला, तर केलेले काम मागे घेता येत नाही.

मिरजेत ही कला शिकलगारांनी वाढवली. मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात तो बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पुढे त्यांना शेजार लाभला तो किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा. १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढणारे खाँसाहेब नंतर मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार. अशा गिऱ्हाइकापुढे कच्चे काम कसे खपावे?

त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून महोत्सव भरू लागला. तिथे गवयामागे घुमणारे तंबोरे आपण ऐकतो. कुणाला जवारी खुली हवी, कुणाला गोल. जाणता कारागीर वाद घालत नाही. “जरा षड्ज लावा,” म्हणतो, गळा ऐकतो आणि मगच कानस उचलतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. पण आज रियाजाला पुष्कळ ठिकाणी विजेवरची पेटी असते. बटण दाबले की काम झाले. तिच्यावर कुणी रुसत नाही, तक्रारही करीत नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच. ‘बोलत नाही’ म्हणणारा कान उरला नाही, तर कारागिराने कानस चालवायची कुणासाठी?