हौशी उपजेची बाजू

आपल्या संगीतविचारात एक मत इतके मुरले आहे की ते केवळ मत आहे याचाच विसर पडला आहे. ते असे: आयत्या वेळी सुचलेले वाजवण्याचा, म्हणजे उपजेचा, अधिकार फक्त सिद्धहस्त कलावंताचा. हौशी माणसाने बसवलेले वाजवावे, ठरलेले गावे. चार हौशी मंडळी एकत्र येऊन काहीही न ठरवता वाजवू लागली तर तो वेळेचा अपव्यय, आणि ते ध्वनिमुद्रित करून इतरांना ऐकवले तर तो उद्धटपणा.

मी स्वतः अशाच एका छोट्या हौशी गटात पेटी वाजवतो. या वादात मी तटस्थ नाही, हे वाचकांना आधीच सांगितले पाहिजे. पण पक्षकार असणे म्हणजे चुकीचे असणे नव्हे. पुरावा पाहावा आणि निवाडा करावा.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडतो. त्याचे चार मुद्दे आहेत. पहिला: उपज शून्यातून येत नाही. ख्यालगायक बढत करतो तेव्हा त्यामागे रागाचे चलन, बंदिशीचे वजन, लयीचा हिशेब आणि वर्षानुवर्षांची तालीम उभी असते. ज्याच्याकडे ही पुंजी नाही, तो खर्च कशातून करणार? दुसरा: मैफलीत निदान एकाचे नेतृत्व असते. चौघांनी काही न ठरवता एकदम वाजवले तर गोंगाटाखेरीज काय निघणार? तिसरा: वाजवणाऱ्यांना आनंद झाला असेल, पण तो त्या खोलीतच राहावा. क्षणापुरते जन्मलेले संगीत मुद्रित करून वाटण्यात काय अर्थ? चौथा: अशा वादनाला प्रतिष्ठा मिळाली तर साधनेचे मोल घटेल.

यातला एकही मुद्दा उथळ नाही. हे बोलणारी माणसे संगीतावर प्रेम करणारी आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा रागसंगीतापुरता संपूर्ण खरा आहे. तालमीशिवाय मारव्याची बढत होत नाही. होते, असे कोणी म्हणत असेल तर मी पूर्वपक्षाच्या बाजूने उभा राहीन. चूक पुढच्या पायरीवर होते. रागातल्या उपजेला रागाची तालीम लागते, यावरून प्रत्येक उपजेला तशीच तालीम लागते असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो?

इंग्रज गिटारवादक डेरेक बेली यांचे उत्स्फूर्त वादनावरचे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात भारतीय संगीत, फ्लामेंको, बरोक, चर्चमधले ऑर्गनवादन, जाझ आणि रॉक यांचा एकाच पंगतीत विचार आहे. बेली उपजेचे दोन प्रकार मानतात. एक, विशिष्ट शैलीच्या भाषेतली उपज. दुसरी, कोणत्याही एका शैलीशी बांधील नसलेली मुक्त उपज. पहिलीत त्या शैलीचे व्याकरण अंगी मुरलेले असावे लागते. दुसरीत शेजारच्या माणसाच्या वाद्यातून आत्ता निघालेला आवाज हाच कच्चा माल असतो. पुंजी दोन्हीकडे लागते. दुसरीकडे लागणारी पुंजी वेगळी आहे: ऐकणे, थांबणे, दुसऱ्याला जागा सोडणे. ती तानांच्या रियाजातून आपोआप मिळत नाही. आणि तानांचा रियाज नसलेल्याला ती नाकारलेलीही नाही.

यावर प्रतिवाद तयार असेल. बेली स्वतः नृत्यगृहांत आणि नभोवाणीवर वाजवून पोट भरणारे कसलेले वादक होते, मग त्यांचा दाखला हौशींच्या कामाचा कसा? प्रश्न रास्त आहे. म्हणून इंग्रज संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू यांचा दाखला घेऊ. ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले आणि पुढे संगीतकार स्टॉकहाउझेन यांचे सहायक झाले. शिक्षणाच्या बाबतीत त्यांना कमी लेखणे शक्य नाही. याच माणसाने १९६९ साली मायकेल पार्सन्स आणि हॉवर्ड स्केम्प्टन या संगीतकारांसह 'स्क्रॅच ऑर्केस्ट्रा' उभा केला. लंडनच्या मॉर्ली कॉलेजात ते प्रौढांचा वर्ग घेत, त्यातून तो निघाला. शिकलेले संगीतकार आणि संगीताचे कोणतेही शिक्षण नसलेली माणसे त्यात एकत्र होती. त्याच्या घटनेचा मसुदा त्याच वर्षी 'द म्यूझिकल टाइम्स' या प्रतिष्ठित मासिकात छापून आला. कार्यक्रमाची आखणी पाळीपाळीने एकेका सभासदाने करायची आणि पहिली पाळी वयाने सर्वांत लहान असलेल्याची, असा त्यात नियम होता. प्रत्येकाने आपल्या वहीत साथीचे तुकडे टिपून ठेवायचे. साथीची अट एकच: कोणाचे एकल वादन उमटलेच, तर ते स्पष्ट ऐकू आले पाहिजे.

ही अट पुन्हा वाचावी. ती बोटांच्या तयारीबद्दल काही मागत नाही. संयमाबद्दल सर्व काही मागते.

स्क्रॅच ऑर्केस्ट्रा काही वर्षांतच मोडला, हेही सांगितले पाहिजे. शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात तिथे कुरबुरी झाल्या, राजकीय मतभेद त्याहून तीव्र झाले. पण माणसांचे भांडण झाले यावरून त्यांनी केलेले संगीत अशक्य होते असे ठरते का? घराण्यांतही भांडणे झाली. त्यावरून ख्याल खोटा ठरला नाही.

दुसरा मुद्दा गोंगाटाचा. इथे पूर्वपक्षाने कारण चुकीचे पकडले आहे. गोंगाट आराखडा नसल्यामुळे होत नाही, एकमेकांचे ऐकू येत नसल्यामुळे होतो. ज्यांचा आराखडा पक्का असतो असे किती वाद्यवृंद आपण कान झाकून सहन केले आहेत?

लंडनचे ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स यांनी या प्रश्नावर सर्वांत सखोल काम केले. १९६६ पासून 'स्पॉन्टेनियस म्यूझिक एन्सेम्बल' हा त्यांचा गट तिथल्या लिटल थिएटर क्लबमध्ये वाजवू लागला. पुढे नवशिक्यांच्या कार्यशाळा घेताना त्यांनी सामूहिक उपजेचे पाठ बसवले. ते १९८५ साली 'सर्च अँड रिफ्लेक्ट' या नावाने ग्रंथरूपात आले. त्यातल्या 'क्लिक पीस'चा नियम एका ओळीचा आहे: आपल्या वाद्यातून किंवा गळ्यातून निघू शकेल तितका आखूड आवाज प्रत्येकाने काढत राहायचा. सुरुवातीला जो तो आपल्याच ठोक्याकडे लक्ष देतो. हळूहळू आपला ठोका कोणाच्या ठोक्यामागून पडला, कोणाच्या आधी पडला, हे जाणवू लागते. मग चौघांच्या सुट्या ठोक्यांतून कोणा एकाची नसलेली अशी एक वीण ऐकू येते. 'सस्टेन्ड पीस'मध्ये याउलट, एका श्वासात मावेल तितका लांब सूर धरायचा, पुन्हा श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचा. आणि स्टीव्हन्स यांची शिकवण अशी की दुसऱ्याचे वादन तुला ऐकू येत नसेल, तर तू फार मोठ्याने वाजवतो आहेस.

पेटीवाल्याला ही शिकवण फार लवकर कळते. भाता जरा जोरात हलला की शेजारच्या गिटारचे सगळे बारीक आवाज गिळले जातात. मग एका बोटाने एकच सूर धरायचा, की हात उचलून गप्प बसायचे, हे त्या क्षणी ठरवावे लागते. हा निर्णय सांगीतिक आहे की नाही? पट्टीचा संवादिनीवादक गायकाच्या साथीला बसतो तेव्हा त्याची थोरवी आपण कशात मानतो? किती वाजवले यात, की कुठे हात आवरला यात? जे त्याच्या बाबतीत थोरवी ठरते ते हौशी माणसाच्या बाबतीत शून्य कसे ठरेल? प्रमाण कमी असेल. गुण तोच आहे.

आणि पुराव्यासाठी लंडनलाच जायला हवे असे नाही. कोकणातले भजन घ्या. बुवा पेटीवर, जोडीला पखवाज, झांजा आणि मागे कोरस. कोणती ओळ किती वेळा घोळवायची, गजर कधी चढवायचा, लय कुठे दुप्पट करायची, हे बुवा तिथल्या तिथे ठरवतो आणि सगळे मंडळ त्याच्या इशाऱ्यावर वळते. डबलबारीत तर एका बुवाने गाण्यातून टाकलेल्या सवालाला दुसऱ्याला भर बारीत जवाब द्यावा लागतो. ही परंपरा कोणी जोपासली? गावाकडे शेती करणाऱ्यांनी आणि गिरणगावातल्या चाळींत पाळी संपवून आलेल्या कामगारांनी. शब्द आणि चाली बऱ्याचशा ठरलेल्या असतात, हे मान्य. पण ती चौकट बहुतेकांनी मंडळात बसून, ऐकून, चुकत उचलली. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. उपजेला चौकट लागते, पण ती मोठीच असावी असे नाही. आणि ती हौशी माणसाच्या आवाक्यात येते.

तिसरा मुद्दा इतरांना ऐकवण्याचा. इथे पूर्वपक्षाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्षीदार मीच उभा करतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. उत्स्फूर्त वादनाच्या नीतीवरच्या १९७१ सालच्या निबंधात कार्ड्यू म्हणतात की अशा वादनाचे ध्वनिमुद्रण मुळात पोकळ असते. त्यात बाह्य आकार उरतो. ती खोली, ती वेळ, ती माणसे त्यात येत नाहीत.

हे म्हणणे मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. ध्वनिमुद्रणात काहीतरी हरवते म्हणून ते वाटू नये, हा नियम धरला तर तो रागसंगीतालाही लावावा लागेल. तासाभराचा ख्याल ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवला गेला, तेव्हा किती हरवले? तरीही त्याच तबकड्यांनी अब्दुल करीम खाँ घराघरात पोचवले. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अवकाशात गेली. ती मैफल नव्हे, मैफलीचा अंश आहे. म्हणून ती पाठवायला नको होती काय? अंशाला अंश म्हणून मोल असते.

शिवाय स्वतः मुक्त वादकांनी काय केले ते पाहावे. कार्ड्यू ज्या ए.एम.एम. गटात वाजवत, त्याची तबकडी १९६७ साली निघाली. बेलींनाही तबकडीपेक्षा प्रत्यक्ष वादन मोलाचे वाटे, तरी १९७० साली इव्हान पार्कर आणि टोनी ऑक्सली या सहवादकांसह त्यांनी 'इन्कस' ही स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. मर्यादा ओळखून त्यांनी वाटप सुरू ठेवले.

हौशी गटाला तर ध्वनिमुद्रणाची गरज अधिकच आहे. वाजवताना कान आपल्या हाताशी अडकलेला असतो. काही दिवसांनी तेच ऐकताना आपण कोणाचे बोलणे तोडले, शेवट आला असताना कोण उगाच वाजवत राहिले, हे लपत नाही. आणि हे दुसऱ्याला ऐकवायचे आहे, ही जाणीव आली की निवड आलीच. बहुतेक टाकून द्यावे लागते. जे उरते त्याची जबाबदारी घ्यावी लागते. ऐकवण्याने हौशी माणूस उद्धट होत नाही, उत्तरदायी होतो. खोलीत बंद राहणारे वादन कोणालाच उत्तर देत नाही.

चौथा मुद्दा साधनेच्या अवमूल्यनाचा. इथे इतिहासच बोलू दे. मुंबईत १८७० साली पारशी रसिकांनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. १८७४ साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. पेशाने वकील असलेले विष्णू नारायण भातखंडे त्या मुंबईच्या मंडळीतच घडले, आणि १९१६ साली बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागे तेच होते. भातखंडे मुक्त वादनाचे पुरस्कर्ते होते असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की हौशी माणसे संगीतात उतरल्याने रागसंगीताची हानी झाली नाही. त्याला आश्रय मिळाला, शास्त्र मिळाले, श्रोता मिळाला. ज्याने स्वतः एका क्षणासाठी तरी न ठरवता सम गाठण्याची धडपड केली आहे, त्याला मैफलीत तबलजी काय करतो आहे ते अधिक कळते की कमी?

हानी कशाने होते ते मी सांगतो. हौशी माणसाने फक्त नक्कल करावी, या मताने होते. गावोगावच्या सभागृहांत आज हौशी गायक ट्रॅकवर गातात. त्यांची आवड खरी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ट्रॅक गाणाऱ्याचे ऐकत नाही. गायक भावनेने रेंगाळला तर तो थांबत नाही, त्याला नवे काही सुचले तर तो वळत नाही. एका माणसाच्या सुराला दुसऱ्या माणसाने त्याच क्षणी दिलेले उत्तर, हा संगीताचा गाभा आहे. तोच काढून घेऊन उरलेले हौशींच्या हाती द्यायचे आणि त्याला साधनेचा मान राखणे म्हणायचे, हा कुठला न्याय?

आता माझा सिद्धान्त मांडतो. सामूहिक उपज हौशी माणसाला शक्य आहे, त्याने ती करावी आणि लोकांपुढे ठेवावी. अटी तीन. वाजवण्यापेक्षा जास्त ऐकावे. मुद्रित केलेले स्वतः कठोरपणे तपासावे. आणि जे आहे तेच म्हणून सादर करावे. राग नसेल तर रागाचे नाव देऊ नये, मुक्त वादनाला मैफलीचा आव आणू नये. या अटी मोडणाऱ्या हौशी गटावर कोणी टीका केली तर मी टीकाकाराच्या बाजूचा.

पूर्वपक्षाकडे माझे एकच मागणे आहे. आमच्या वादनातले दोष दाखवा. लय कुठे विस्कटली, कोण कोणावर चढला, कुठे सांगण्यासारखे काही नसताना आम्ही वाजवत राहिलो, ते स्पष्ट सांगा. ती टीका आम्हांला हवी आहे, तिच्यावाचून आम्ही सुधारणार नाही. पण त्यासाठी आधी ऐकावे लागेल. न ऐकता दिलेला निकाल संगीतात ग्राह्य धरता येत नाही.