उंबरठ्यावरचे पाऊल

तामिळनाडूत राहणाऱ्या मराठी माणसाने इतिहासावर चार शब्द लिहावयाचे मनावर घेतले, म्हणजे तो बहुधा तंजावरच्या वाटेला लागतो, नाही तर जिंजीच्या. वेल्लोरचे नाव निघालेच, तर १६७८ साली मराठ्यांनी घेतलेला तो कोट आणि सभासदाने वर्णिलेल्या त्याच्या खंदकातील सुसरी, एवढ्यावर आपण थांबतो. मीही आजवर तेथेच थांबलो होतो. परंतु गेल्या तीन वर्षांत वेल्लोरला आणि चेंगलपट्टूला माझे जे जाणे-येणे झाले ते गडकोटांसाठी नव्हे, माझ्या उजव्या पायासाठी. आणि त्या निमित्ताने या दोन गावांचा जो दुसरा इतिहास हाती लागला, तो आपल्या मंडळींपुढे ठेवावा असे वाटते.

प्रथम पायाची हकीकत. नडगीचे हाड मोडले आणि प्लास्टर बसले. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, बोटाने चाचपले तर हाडाची एक गाठ लागते. तिला वळसा घालून एक मज्जातंतू खाली जातो. त्याच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नसते. प्लास्टरचा काठ नेमका तेथे रुतला. प्लास्टर काढले तेव्हा हाड सांधले होते, पण पाऊल वर उचलेना. बोटे हलतात की नाही हे कोणी वेळेवर पाहिले असते तर कदाचित निराळे झाले असते. असो. डॉक्टर याला फूट ड्रॉप म्हणतात. आमच्या घरात त्याचे नाव लोंबते पाऊल.

असा मनुष्य चालताना दिसतो तो पायरी नसलेल्या ठिकाणी पायरी चढत असल्यासारखा. चवडा जमिनीला अडू नये म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो, आणि मग पाऊल थपकन् खाली येते. आमच्या कार्यालयात मी येत असल्याची वर्दी मजल्यावर माझ्याआधी पोचते. चप्पल पायातून केव्हा निसटली हे पुष्कळदा मागून येणारा सांगतो. पोटरीमागून उतरून तळव्याखाली वळणारी प्लास्टिकची पट्टी बुटात घातली, की पाऊल काटकोनात राहते आणि रस्त्याने मी बऱ्यापैकी चालतो. बूट मात्र उजव्या पायाला एक माप मोठा लागतो, म्हणून दोन जोड घ्यावे लागतात. त्यांतले दोन बूट नवे कोरे पडून आहेत.

परंतु मी रस्त्यावर कधी पडलो नाही. पडलो तो घरात. बूट दाराशी काढला की पट्टीही दाराशीच राहते, आणि तेथून पुढे उंबरठा, न्हाणीघरातील ओली फरशी, देवघरापुढील पाट, जेवावयास घातलेली मांडी, हे सारे उघड्या लोंबत्या पावलाने निभावावे लागते. देवळात तेच, तामिळ शेजाऱ्यांच्या घरी, दारातली रांगोळी चुकवून जाताना, तेच.

हे ध्यानात आल्यावर मी या दुखण्याच्या साधनांचा इतिहास निराळ्या नजरेने वाचू लागलो. पश्चिमेकडे पूर्वी लोखंडी कांब असे, ती बुटाच्या टाचेत बसवीत. पुढे १९६१ साली अमेरिकेत लिबर्सन नावाच्या डॉक्टरांनी विजेची युक्ती काढली: टाच उचलली की बुटातील कळ सुटावी, मज्जातंतूला झटका मिळावा आणि पाऊल वर यावे. कल्पना मोठी सुरेख आहे. परंतु त्या कांबेच्या आणि या कळीच्या मुळाशी एकच गृहीत आहे, की माणूस सकाळी बूट चढवितो तो निजतानाच काढतो.

ज्यांना बूटच नव्हता अशांचा विचार झाला तो चेंगलपट्टूला आणि वेल्लोरला, आणि तोही कुष्ठरोग्यांमुळे. गुडघ्याखालचा हाच मज्जातंतू या रोगात धरला जातो. त्यांचा प्रश्न माझ्याहून कठीण. तळव्याला संवेदना नाही आणि पाऊल लोंबते. म्हणजे चालताना सारा भार चवड्याच्या बाहेरच्या कडेवर येणार, तेथे जखम होणार, ती कळणार नाही, चिघळणार, आणि अखेर पाय कापावा लागणार. मांस आपोआप सडते अशीच तेव्हा समजूत होती.

पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांचे चिरंजीव १९१४ साली याच प्रांतातील कोल्ली डोंगरात जन्मले. १९४६ मध्ये ते इंग्लंडहून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवावयास आले. पुढच्या वर्षी रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चेंगलपट्टूच्या लेडी विलिंग्डन कुष्ठालयात नेले. तेथे वाकड्या बोटांच्या एका माणसाला त्यांनी आपला हात दाबावयास सांगितले, तो अशी पकड बसली की ब्रँड कळवळले. म्हणजे सगळे स्नायू मेलेले नव्हते! काही मेले होते, काही अगदी धडधाकट होते. जिवंत स्नायूकडून मेलेल्याचे काम करवून घेता येईल, हा विचार तेथून सुरू झाला. स्नायूचा दोर एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची विद्या ब्रँड यांची नव्हे. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी ती युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. परंतु कुष्ठरोग्यावर ती योजावी असे कोणाच्या मनात आले नव्हते. मुळात त्याला साध्या रुग्णालयात खाट द्यावयासच लोक तयार नसत. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, हे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. त्याच सुमारास दक्षिणेत हे दुसरे काम चालले होते, याची मात्र आपल्याकडे फारशी वार्ता नाही.

पावलाची शस्त्रक्रिया अशी. नडगीच्या मागे एक स्नायू आहे, तो पाऊल आत वळवितो आणि खाली खेचतो. त्याचा मज्जातंतू वेगळा, म्हणून तो बहुधा शाबूत राहतो. त्याचा दोर तळाकडून सोडवावयाचा, पुढे आणावयाचा आणि पावलाच्या पाठीवर जोडावयाचा. मग प्लास्टर, आणि त्यानंतर खरे शिक्षण: आजवर पाऊल खाली नेणाऱ्या स्नायूला ते वर उचलावयास शिकवावयाचे. १९५५ साली चेंगलपट्टूचे कुष्ठालय केंद्र सरकारने घेऊन तेथे आपली अध्यापन व संशोधन संस्था स्थापिली. तेथील डॉ. एच. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये या दोराच्या दोन शेपट्या करून एक अंगठ्याच्या आणि दुसरी बोटांच्या दोरांना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पायाला चालण्यासाठी पट्टी लागत नाही. तो उंबरठ्याच्या आतही उचलतो.

त्याच १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कापलेल्या पायासाठी रबराचे असे पाऊल घडविले, की ज्यावर अनवाणी चालता यावे आणि उकिडवेही बसता यावे. दुखणे निराळे, परंतु दार तेच.

आता थोडे सरकारी. केंद्राच्या क आणि ड वर्गांतील जागांत अपंगांसाठी राखीव हिस्सा १९७७ मध्ये आला, १९९५ च्या कायद्याने तो पक्का झाला आणि २०१६ च्या कायद्याने चार टक्क्यांवर गेला. त्याला अपंगत्व शेकडा चाळीस भरावे लागते. माझे पाऊल त्याखाली भरले. न्हाणीघराची फरशी त्या मोजमापात कोठे येत नाही, ही माझी किरकोळ तक्रार.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मज्जातंतू आता सुधारणार नाही असे ठरल्यावर मला चेंगलपट्टूचा सल्ला मिळाला, कारण या शस्त्रक्रियेचा हात तेथे बसलेला. आईला फोनवर सांगितले, तर ती साताऱ्याहून एवढेच म्हणाली, “जा बाबा, पण कुष्ठालयात जातोस हे कुणाला बोलू नकोस.” मी सुशिक्षित, पदवीधर, तिची समजूत घालावयाची ती सोडून मी कार्यालयात सांगत राहिलो की चेंगलपट्टूचा किल्ला पाहावयास जातो. साहेब तर एकदा म्हणाले, की एवढे काय आहे हो त्या किल्ल्यात?

तेथे बाकावर शेजारी एक वृद्ध गृहस्थ भेटले. तरुणपणी त्यांच्या दोन्ही पावलांवर हीच शस्त्रक्रिया झालेली. माझ्या मोडक्या तामिळला त्यांनी फार सांभाळून घेतले. माझी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, परत दिली, आणि मग आपली रबरी चप्पल काढून उजवा चवडा सावकाश वर उचलून दाखविला. एकदा, दोनदा, तीनदा. मी पाहत आहे याची खात्री करून घेत होते.

मार्चअखेरचे काम आटोपले की मी रजेवर जाणार आहे. रजेच्या अर्जात मुक्कामाच्या पत्त्याचा एक रकाना असतो. त्यात मी संस्थेचे संपूर्ण नाव लिहून काल अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला.