सिंहाचा अपपाठ

टोकन्स या अमेरिकी गायकवृंदाने १९६१ साली गाजवलेले 'द लायन स्लीप्स टुनाइट' हे गीत पुष्कळ श्रोते त्यांचेच समजतात. मुळात ते 'म्बुबे', म्हणजे सिंह. झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी १९३९ साली जोहान्सबर्ग येथे ध्वनिमुद्रित केलेले. मोबदला अवघे दहा शिलिंग. पुढे पीट सीगर यांनी तबकडीवरून शब्द उतरवून घेतले, तेव्हा झुलू बोलांचे 'विमोवे' झाले. हा अपपाठ आम्हांस फारसा खुपत नाही. अभंगांच्या वह्या उतरवणाऱ्यांकडूनही असे पाठभेद घडलेच. मात्र तेथे शेवटच्या चरणातील नाममुद्रेने कवी टिकून राहिला. लिंडांना ती सोय नव्हती. १९६२ साली ते दारिद्र्यात वारले. सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव मान्य झाले ते २००६ साली, वारसांनी न्यायालयात दावा लावल्यानंतर.