‘पडला’ की ‘पाडला’? : फुल्टनच्या भाषणातील एक क्रियापद

५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन या लहानशा गावी, वेस्टमिन्स्टर महाविद्यालयात, विन्स्टन चर्चिल यांनी केलेल्या भाषणातील एका वाक्याने युद्धोत्तर युरोपच्या विभागणीला नाव दिले. बाल्टिकच्या काठावरील स्टेटिनपासून एड्रियाटिकच्या काठावरील त्रिएस्तपर्यंत खंडाच्या आरपार लोखंडी पडदा उतरला आहे, हा त्या वाक्याचा आशय. मराठीने त्या लोखंडाचे पोलाद केले. मूळ प्रतिमा रंगभूमीवरची होय. रंगमंचावर लागलेली आग प्रेक्षागृहात पसरू नये म्हणून युरोपीय नाट्यगृहांत असा पडदा योजीत.

या वाक्यातील क्रियापद अकर्मक आहे. मराठीतील ‘पडदा पडला’ आणि ‘पडदा पाडला’ यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. पहिल्यात पडदाच कर्ता. पाडणारा हात दिसत नाही. भाषणात अन्यत्र सोव्हिएट विस्ताराचा स्पष्ट निर्देश असल्यामुळे रोख कोणावर आहे, याविषयी श्रोत्यांना संदेह नव्हता. परंतु दुसरा एक हात वाक्याआड राहिला. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत खुद्द चर्चिल यांनीच एका कागदावर प्रभावाचे हिस्से मांडले होते : रुमानियात रशियाचे ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचे ९०, बल्गेरियात रशियाचे ७५, हंगेरी व युगोस्लाव्हियात निम्मेनिम्मे. स्टॅलिन यांनी त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली.

त्या कागदानेच युरोप दुभंगला, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. पोलंडचे नाव त्यात नव्हतेच, आणि लाल सेना कोठवर पोचली ही गोष्ट कोणत्याही टक्केवारीहून अधिक निर्णायक ठरली.

क्रियापदाचा काळही विचारार्ह आहे. ‘उतरला आहे’ म्हणजे क्रिया पूर्ण झाली. वस्तुतः चर्चिल यांनी पडद्यापलीकडे गणलेल्या राजधान्यांपैकी प्राग येथे कम्युनिस्टांनी संपूर्ण सत्ता हस्तगत केली ती फेब्रुवारी १९४८ मध्ये. त्याच वर्षी बेलग्रेड मॉस्कोपासून दुरावले. आणि चार राष्ट्रांच्या ताब्यातील व्हिएन्ना १९५५ मध्ये तटस्थ ऑस्ट्रियाची राजधानी म्हणून मोकळी झाली. १९४६ साली पडदा अद्याप उतरत होता, आणि कोठे थांबेल हे ठरावयाचे होते.

राजकीय रूपक हे पुरावा म्हणून वापरताना त्यातील नामाइतकेच क्रियापदही तपासले पाहिजे, ते याचसाठी. नाम चित्र उभे करते. ते कोणी आणि केव्हा घडविले, हा प्रश्न क्रियापदाच्या रूपात दडलेला असतो.